बोनेट उघडा, पण कुठपर्यंत?

दसऱ्याला नव्या गाडीला झेंडूचा हार पडतो, वर्ष फिरायच्या आत सर्व्हिसचं पहिलं मोठं बिल हातात पडतं, आणि मग मला पत्रं येऊ लागतात. या वेळी बहुतेकांनी एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत विचारली आहे, म्हणून पहिल्या पत्राला जागा जास्त दिली आहे. बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : काका, गेल्या महिन्यात पाच वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. आमच्या घरातली ही पहिलीच गाडी. मला हातानं काम करायची आवड आहे. ऑफिसातला मित्र म्हणतो, ऑइल स्वतः बदल, पुष्कळ पैसे वाचतात. आई म्हणते, कशाला हात लावू नकोस. आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये गाडी धुतली तरी नोटीस लागते. नवख्या माणसानं कोणती कामं स्वतः करावीत आणि कोणती सोडून द्यावीत?
— एक वाचक, मुलुंड पूर्व

उत्तर : काका म्हणालास, म्हणून अरे-तुरे करतो. मित्राचं ऐकू नकोस आणि आईचंही सगळं ऐकू नकोस.

काम सोपं की अवघड, यावरून ठरवायला गेलास तर फसशील. ऑइल बदलणं सोपंच आहे. खालचा बोल्ट काढायचा, जुनं सोडायचं, फिल्टर फिरवून काढायचा, नवा लावायचा, वरून ओतायचं. परळच्या आमच्या गॅरेजात नवा पोरगा आला की पहिल्यांदा हेच शिकायचा. तरी मी तुला ते सांगणार नाही. मी बघतो ते वेगळंच : हात चुकला तर ती चूक कळणार कुठे? गाडी उभी असताना तुझ्या डोळ्यांसमोर, की फ्रीवेवर ऐंशीच्या वेगात?

वायपर नीट बसला नाही तर काच पुसली जात नाही, किंवा पातं हातात येतं. एअर फिल्टर तिरका बसला तर झाकणाची क्लिप लागत नाही, बोटांनाच कळतं. पण ऑइलच्या बोल्टचे आटे गेले, किंवा जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली आणि तिच्यावरच नवा फिल्टर चढवला, तर पार्किंगमध्ये दोन मिनिटं इंजिन चालवून सगळं कोरडं दिसू शकतं. पुढे कुठेतरी ऑइलचा लाल दिवा लागतो. तेव्हा लगेच इंजिन बंद केलंस तर वाचलास. पुढच्या सिग्नलपर्यंत जाऊ म्हणालास तर बेअरिंगं गेली.

दुसरी अडचण मुंबईची. तीन-साडेतीन लिटर काळं ऑइल निघतं, ते ठेवणार कुठे? २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं ऑइल येतं, महापालिकेच्या कचरागाडीत ते टाकता येत नाही. पार्किंगच्या जाळीत ओतलंस तर पावसाळी गटारातून ते सरळ खाडीत जातं, मध्ये कुठे ते गाळलं जात नाही. गॅरेजात त्यासाठी पिंप असतं. शिवाय वाचतं काय, तेही बघ. ऑइल, फिल्टर आणि बोल्टचा वॉशर तू विकतच घेणार. वाचली तर मजुरी, आणि साध्या गॅरेजात या कामाची मजुरी इतकी थोडी असते की तेवढ्यासाठी गाडी जॅकवर चढवून तिच्याखाली पाठ टेकायची, हे मला पटत नाही. गाडीतल्या त्या छोट्या जॅकवर चढवलेल्या गाडीखाली तर कधीच जायचं नाही. तो फक्त चाक बदलण्यासाठी दिलेला असतो.

त्यापेक्षा ऑइल बदलताना गॅरेजात उभा राहा. डबा सीलबंद आहे का, त्यावरचा ऑइलच्या जाडीचा आकडा तुझ्या गाडीच्या पुस्तिकेत आहे तोच आहे का, जुना फिल्टर खरोखर निघाला का, हे बघ. पुस्तिकेत ०डब्ल्यू-२० लिहिलं असताना कोणी ‘साहेब, मुंबईच्या गरमीत जाडं ऑइल बरं’ म्हणालं तर नाही म्हण.

ऑइल तपासणं मात्र तुझंच काम. सपाट जागा हवी, पोडियमच्या उतारावर नको. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांब, म्हणजे वरचं ऑइल खाली उतरतं. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी सळई, काढ, पूस, परत पूर्ण घाल, काढ. पहिल्यांदा काढल्यावर जे दिसतं ते खरं नसतं. दोन खुणांच्या मध्ये असेल तर हात जोड आणि बोनेट लाव. वरच्या खुणेच्या पुढे भरणं हे कमी असण्याइतकंच वाईट. इंजिनचा फिरता दांडा, म्हणजे क्रँक, ऑइल घुसळतो, फेस होतो, आणि फेसाला दाब धरता येत नाही.

आता तू करायची कामं. सगळ्यात वर हवा. पंपावर हवा फुकट मिळते म्हणून लोक तिला किंमत देत नाहीत. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, पुढची-मागची वेगळी, रिकाम्या आणि भरल्या गाडीची वेगळी. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा तो नाही. ती टायरची कमाल मर्यादा आहे. हवा बघायची ती सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना. एलबीएस मार्गावर तासभर रखडून पंपावर पोचलास की टायर तापलेला असतो आणि तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. पंपावरचा पोरगा ती ‘जास्तीची’ हवा काढून टाकतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तू कमी हवेवर निघतोस. म्हणून हवेचा दाब मोजायचा गेज स्वतःचा घे, सकाळी घरी बघून आकडा लिहून ठेव, आणि कमी असेल तेवढीच भरून घे. स्टेपनी विसरू नकोस. तिची आठवण लोकांना ती लागते त्या रात्री होते.

गेज लावायला वाकलासच तर टायर वाचूनही घे. जुनी गाडी घेतली आहेस, तेव्हा हे तुझ्यासाठी महत्त्वाचं. लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाचपैकी एकच टायर वेगळ्या वर्षाचा निघाला तर आधीच्या मालकाला फोन करून कारण विचारायला हरकत नाही. खाचांच्या तळाशी मध्ये मध्ये छोटे उंचवटे असतात. रबर झिजून त्यांच्या पातळीला आलं की खाच १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. मुंबईच्या पावसात मी तितकी वाट बघत नाही.

दुसरं काम एसीच्या फिल्टरचं. मुलुंडला झाडं आहेत, मेट्रोची खोदाई आहे आणि चार महिने ओल आहे. तो फिल्टर काढून बघशील तेव्हा इतके दिवस यातून आलेली हवा आपण घेत होतो, या विचारानं कसंसंच होईल. बहुतेक हॅचबॅकमध्ये तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. दोन्ही बाजू आत दाबून कप्पा खाली उतरवायचा, झाकण काढायचं, फिल्टर ओढायचा. बाणाची दिशा बघून ठेव, नवा तसाच घाल. चुकून उलटा घातलास तरी कुणाचा जीव जात नाही. नवख्यानं सुरुवात याच कामानं करावी : पाना लागत नाही, हात काळे होत नाहीत, सेक्रेटरीला दिसतही नाही.

इंजिनचा एअर फिल्टर तितकाच सोपा. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही. हलकेच आपटून धूळ झाड, आणि उजेडासमोर धरून पलीकडचं दिसत नसेल तर बदल. तो डबा उघडा असताना त्यात स्क्रू पडणार नाही एवढं सांभाळ.

वायपर मे महिन्यात. मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून धरतात, आणि १० तारखेला दुकानात गर्दी असते. ड्रायव्हरचं आणि शेजारचं पातं वेगळ्या लांबीचं असतं, मोजून घे. जुनं काढलंस की काचेवर टॉवेल घडी करून ठेव. स्प्रिंगचा उघडा दांडा हातातून सुटून काचेवर आपटला की पात्यांच्या पैशात काच येत नाही.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, फक्त बघायचा, तोही थंड इंजिनवर, प्लास्टिकच्या टाकीच्या बाहेरून. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं पाणी दाबामुळे शंभराच्या वर तापलेलं असतं आणि झाकण सुटताच उसळून तोंडावर येतं. पातळी थोडी कमी असेल तर त्याच जातीचा कूलंट भर. महिन्याभरात परत कमी झाली तर भरत बसू नकोस, गळती शोधायला दे. ब्रेक ऑइलचंही तसंच. डब्याच्या भिंतीतून पातळी दिसते, झाकण उगाच उघडू नकोस. ते ऑइल हवेतली ओल ओढतं आणि आपल्याकडे हवेत दुसरं असतं काय. दोन वर्षांनी ते गॅरेजात बदलून घ्यायचं. पातळी हळूहळू उतरली असेल तर बहुधा पॅड झिजले आहेत, आणि तेव्हा वरून ऑइल भरणं म्हणजे इशारा पुसून टाकणं.

फ्यूज बदलणंही तुझ्या हातचं. झाकणाच्या आत नकाशा असतो. लाल दहा अँपिअरचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा. लालच्या जागी लालच. लगेच परत उडाला तर मोठा घालायचा नाही, वायर जळते.

जुनी माणसं तुला म्हणतील, आता गाड्यांत करण्यासारखं राहिलंय काय. आमच्या पद्मिनी गाडीला रोज काहीतरी लागायचं हे खरं. टॅक्सीवाले रस्त्याच्या कडेला पॉइंट घासायचे, कार्ब्युरेटरचं जेट तोंडानं फुंकायचे. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली तेव्हा लोकांनी हार घातले, फोटो काढले. मला वाईट वाटलं, पण रोज सकाळी चोक ओढून तिची मनधरणी करणाऱ्यांना विचारा किती वाईट वाटलं ते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलगा परदेशी असल्यामुळे गाडी मीच चालवते, तीही आठवड्यातून एकदा बाजाराला किंवा देवळात. दर दोन-तीन आठवड्यांनी बॅटरी उतरते. मेकॅनिक नवी घ्यायला सांगतो. मला स्वतःला काही पाहता येईल का?
— एक वाचक, विलेपार्ले पूर्व

उत्तर : बाई, येईल, आणि आधी पाहावंच. बॅटरी खराब आहे की नुसती उपाशी आहे, हे दोन वेगळे आजार आहेत आणि मेकॅनिकला दोन्हींवर एकच औषध विकायचं असतं.

लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, दार उघडून दिवे लागायच्या आत जमेल तसं, लाल टोक अधिकावर आणि काळं उण्यावर टेकवा. १२.६ व्होल्टच्या आसपास म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. मग गाडी सुरू करून पाहा : साधारण १४ च्या जवळपास आकडा आला तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर चालणारं जनित्र, बॅटरी भरतोय. या तपासणीत बिघडण्यासारखं काही नाही.

पार्ल्यातून पार्ल्यात जाऊन बॅटरी भरत नाही. एक स्टार्ट जेवढं खातो तेवढं परत यायलाच वेळ लागतो, त्यात एसी आणि पंखा. जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन चालू ठेवणं तर निव्वळ पेट्रोल जाळणं. आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास हायवेला घेऊन जा, गोरेगावपर्यंत जाऊन मैत्रिणीकडे चहा घ्या, वळा. मुलानं डॅशकॅम लावून दिला असेल तर तो गाडी बंद असताना चालतो का तेही पाहा. आठवडाभर थेंब थेंब वीज पिणारे हेच असतात.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुरशीसारखी पूड जमली असेल तर तेही तुम्ही साफ करू शकता. आधी हातातल्या धातूच्या बांगड्या आणि अंगठी काढून ठेवा, हे आधी म्हणजे आधी. मग दहा नंबरच्या पान्यानं काळी, म्हणजे उण्याची वायर सोडवा, नंतर लाल. लावताना उलट : लाल आधी, काळी शेवटी. कारण सरळ आहे. गाडीचं सगळं अंग उण्याला जोडलेलं असतं. काळी लागलेली असताना लाल सोडवायला गेलात आणि पाना पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते आणि पाना तिथेच डागला जातो. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं घासा, पुसून कोरडं करा, घट्ट लावा, वर पेट्रोलियम जेलीचं बोट फिरवा. घड्याळ आणि रेडिओची स्टेशनं परत लावावी लागतील.

हे सगळं करून, लांब फिरवून आणूनही सकाळी आकडा १२.२ च्या खाली येत असेल आणि बॅटरीवरची तारीख चार-पाच वर्षांपूर्वीची असेल, तर मेकॅनिक खरं बोलतोय. घ्या नवी.

प्रश्न : माझा एकोणीस वर्षांचा मुलगा व्हिडिओ पाहून गाडीचे ब्रेक पॅड स्वतः बदलायचं म्हणतो. व्हिडिओत वीस मिनिटांत होतं. मी नको म्हणालो तर अबोला धरलाय. त्याचा हुरूपही मोडायचा नाही. काय करू?
— एक वाचक, चेंबूर

उत्तर : तुम्ही बरोबर आहात. व्हिडिओही खोटा नाही, काम वीस मिनिटांचंच आहे. त्यात दिसत नाही ते असं : पॅड दाबणारा पिस्टन मागे ढकलताना ब्रेक ऑइलचा वरचा डबा भरलेला असेल तर ब्रेक ऑइल उतू जाऊन रंग खातं, पॅडच्या तोंडाला ग्रीसचं बोट लागलं तर त्या चाकाचा ब्रेक हुकतो, पॅड धरणाऱ्या कॅलिपरचा बोल्ट किती घट्ट, हे हाताला सवय होईपर्यंत कळत नाही. आणि काम झाल्यावर ब्रेकचा पहिला दाब तळापर्यंत जातो. पेडल पंप करून कडक केल्याशिवाय गाडी हलवली तर समोर सोसायटीची भिंत असते. पुढच्या वर्षी, चांगल्या मिस्त्रीच्या शेजारी बसून, त्याच्या स्टँडवर, त्याच्या टॉर्क पान्यानं, म्हणजे नेमक्या जोरानं आवळणाऱ्या पान्यानं, करू दे.

पण त्याला आजच एक काम द्या, त्यात त्याची हौसही फिटेल आणि घाम निघेल : स्टेपनी बदलणं. पंक्चर झालेलं नसताना, रविवारी सकाळी, सपाट फरशीवर. तुमची गाडी त्या दोन मजली यांत्रिक पार्किंगमध्ये असेल तर तिथे नाही, गाडी बाहेर काढून. हँडब्रेक, पहिला गिअर, तिरक्या समोरच्या चाकाला दोन विटा. नट आधी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. गाडी उचलल्यावर जोर लावला तर गाडी जॅकवरून सरकते. जॅक दाराखालच्या पट्टीत जिथे खाच दिलेली असते तिथेच, नाहीतर पत्रा आत जातो. चाक काढलं की ते गाडीखाली आडवं सरकवून ठेवायचं, जॅक निसटलाच तर गाडी त्याच्यावर बसते, पायावर नाही. नवीन चाकाचे नट समोरासमोरचे आळीपाळीनं, आणि शेवटचा आवळा गाडी खाली आल्यावर. पन्नासेक किलोमीटरनंतर परत एकदा पाना फिरवून बघायला सांगा. स्टेपनी बारीक चाकाची असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, तीही त्यालाच वाचू दे.

चाक निघालेलं असताना पॅड समोरच दिसतात. नवा साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो, तीनच्या आसपास आला की बदलायचा. किती उरला ते त्यानं मोजावं, लिहावं, आणि गॅरेजवाल्यानं ‘पॅड गेले’ म्हटलं की वही दाखवावी. अबोला आपोआप सुटेल.

एवढं मात्र त्याला बजावा. फ्रीवेवर किंवा अटल सेतूवर चाक बसलं तर शिकलेली विद्या दाखवायला रहदारीच्या बाजूला बसायचं नाही. हझार्ड दिवे, गाडी जमेल तेवढी कडेला, माणसं कठड्यापलीकडे सुरक्षित जागी, आणि मदतीला फोन.

प्रश्न : टायरमध्ये नायट्रोजन भरावा का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फुकट मिळत असेल तर घ्या. पैसे देऊन घेणार असाल तर ते गेज घेण्यात घाला.

प्रश्न : आमची गाडी गिरगावात चाळीसमोर रस्त्यावर उभी असते. या पावसाळ्यात उंदरांनी दोनदा वायरी कुरतडल्या. शेजारी तंबाखूची पानं ठेवायला सांगतात. वायर टेपनं मी स्वतः जोडली तर चालेल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : पहिल्यांदा वायर. कोणती तुटली यावर आहे. डिकीतल्या दिव्याची असेल तर टेप चालेल, तीही सोल्डर करून. पिवळ्या प्लगची किंवा पिवळ्या आवरणाची असेल तर ती एअरबॅगची, तिला बोट लावू नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतल्या जाड नारिंगी केबलमध्ये जीव घेण्याइतका विजेचा दाब असतो. इंजिनच्या सेन्सरच्या बारीक वायरी पिळून टेप मारली की चार दिवस चालतात आणि मग पावसात, हिंदमाताला, दिवा लागतो. इलेक्ट्रिशियनला द्या.

तुमचं काम पहाऱ्याचं. पावसाळ्यात उंदराला कोरडी, उबदार जागा हवी असते, आणि संध्याकाळी ऑफिसातून आलेलं इंजिन त्याला आयतं मिळतं. रोज सकाळी बोनेट उघडून लेंड्या, कागदाचे तुकडे, बोनेटच्या आतल्या अस्तराचा भुगा आहे का ते पाहा. दोन दिवसांत दिसलं तर घरटं होण्याआधीच हाकलता येतं. गाडी कचऱ्याच्या डब्यापासून आणि भजीवाल्यापासून चार गाड्या लांब लावा. आत वडापावचा कागदसुद्धा ठेवू नका. एसीची हवा आत घेणाऱ्या तोंडावर बारीक जाळी बसवून घेता येते. ती एकदा बसवून घ्यावी.

तंबाखूचं म्हणाल तर माझ्याकडे येणारे निम्मे लोक शपथेवर सांगायचे की उपयोग होतो, आणि निम्म्यांच्या गाडीत पानांच्या शेजारी लेंड्या असायच्या. वास दोन-चार दिवस टिकतो. ठेवायचीच असतील तर पुडीत घट्ट बांधा, एक्झॉस्ट आणि पंख्यापासून लांब. विषाच्या गोळ्या मात्र गाडीत कधीही नको. उंदीर मरायला एसीचा ब्लोअरच निवडतो, आणि मग डॅशबोर्ड उघडण्याचं बिल वायरच्या बिलापेक्षा मोठं येतं.

प्रश्न : सीएनजी गाडीत घरच्या घरी काय करता येईल?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : गॅसच्या कुठल्याही भागाला काहीही नाही. टाकीत सुमारे २०० बारचा दाब असतो, तिथे पाना घेऊन जायचं नसतं. टाकीला लावलेली चाचणीची पट्टी तेवढी वाचा. टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करून घ्यावी लागते. वास आला तर दारं उघडा, एकही बटण दाबू नका, टाकीचा वॉल्व्ह बंद करा आणि गाडीपासून लांब जा. हवा, वायपर, फिल्टर, बॅटरी ही कामं वर लिहिली तशीच.

प्रश्न : नवऱ्याला गाडीचं वेड लागलंय. वाढदिवसाला हत्यारं द्यायचा विचार आहे, दोन हजारांपर्यंत. ऑनलाइन चाळीस-पन्नास नगांचा सॉकेट सेट त्याच पैशात दिसतो. तो घेऊ का?
— एक वाचक, दादर

उत्तर : नको, ताई. त्या पेटीतले पंचेचाळीस नग कधी बाहेर निघत नाहीत, आणि उरलेले पाच पहिल्याच कडक बोल्टला गोल होतात. शिवाय पेटी हातात आली की माणूस उघडायला काहीतरी शोधतो.

नागदेवी स्ट्रीटला जा. तिथून दहा, बारा आणि चौदा नंबरचे चांगल्या पोलादाचे रिंग पाने सुटे घ्या, कंपनीचं नाव कोरलेलं बघून. एक फुलीच्या आकाराचा चाकपाना. गाडीबरोबर येणारा आखूड असतो आणि इम्पॅक्ट मशीननं आवळलेला नट त्याला दाद देत नाही, फुलीवर दोन्ही हातांनी जोर लावता येतो. त्याचं तोंड तुमच्या नटाच्या मापाचं आहे ना, तेवढं गाडीतला पाना सोबत नेऊन पडताळा. मग टायरचा गेज, आणि कपाळाला बांधायची बॅटरी, कारण मोबाइलचा टॉर्च दातांत धरून काम होत नाही. पैसे उरले तर मल्टिमीटर, तो लॅमिंग्टन रोडला. रबरी हातमोजे स्वयंपाकघरातले चालतील, पण मग ते परत स्वयंपाकघरात घेऊ नका.

दिवस मधल्या वारी निवडा. रविवारी नागदेवीला बरीच दुकानं बंद असतात.